एका पाखराचे नाव

शास्त्रीय नावांविषयी आपल्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते. ही नावे ग्रीक किंवा लॅटिन असतात, ती दूरदेशीच्या विद्वानांनी ठेवलेली असतात आणि आपल्या घरच्या बोलीशी त्यांचा काही संबंध नसतो, अशी ती समजूत. पुष्कळ अंशी ती खरीही आहे. तथापि, पश्चिम आफ्रिकेतील जंगलांपासून प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांपर्यंत पसरलेल्या पक्ष्यांच्या एका प्रजातीचे जगन्मान्य नाव एका द्राविड भाषेतून आलेले आहे. ते नाव म्हणजे ‘पिट्टा’. तेलुगूत ‘पिट्ट’ याचा अर्थ लहान पक्षी, पाखरू. शास्त्रज्ञांनी त्या शब्दाला लॅटिन व्याकरणाचा पोशाख चढवला. शब्द मात्र आंध्रातल्या अंगणातलाच राहिला.

या प्रजातीतील आपल्या ओळखीचा पक्षी म्हणजे नवरंग. वीतभर लांबीचा, आखूड शेपटीचा आणि लांब पायांचा हा पक्षी बहुतेक काळ जमिनीवर वावरतो. जंगलातील पाचोळा चोचीने उलटून तो किडे आणि गांडुळे टिपतो, आणि चालण्याऐवजी टुणटुण उड्या मारत पुढे सरकतो. पाठ हिरवी, पंखांवर झळाळणारा निळा पट्टा, पोट पिवळट बदामी, शेपटीच्या खाली किरमिजी लाल, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी आणि पांढरा गळा, असे त्याचे रूप आहे. इतके रंग अंगावर असूनही तो सहसा दिसत नाही. जंगलाच्या तळाशी ऊन आणि सावली यांचा जो खेळ चाललेला असतो, त्यात हे रंग विरघळून जातात. त्याची ओळख पटते ती आवाजाने. पहाटे आणि संध्याकाळी तो दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो; एकाने घातली की दुसरा दुरून उत्तर देतो.

नवरंग दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विणीसाठी वर सरकतो. हिमालयाचा पायथा, मध्य भारतातील टेकड्या आणि सह्याद्री ही त्याची विणीची ठिकाणे. कोकणातील आणि घाटातील जंगलांत मे महिन्याच्या अखेरीपासून त्याची शीळ ऐकू येऊ लागते. काटक्या आणि पाने रचून तो चेंडूसारखे गोल घरटे बांधतो आणि त्याला बाजूने दार ठेवतो. प्रवास तो रात्री करतो. त्यामुळे थकून भागून एखाद्या घराच्या उजेडाकडे ओढला गेलेला नवरंग अंगणात सापडल्याच्या हकीकती गावोगावी ऐकायला मिळतात. शहरातल्या पुष्कळांना हा शब्द व्ही. शांताराम यांच्या १९५९ सालच्या चित्रपटामुळे ठाऊक असतो. त्या नावाचा एक पक्षी आहे हे त्यांना नंतर कळते.

तेलुगू शब्द लॅटिन ग्रंथांत कसा गेला, हा प्रवास भाषेच्या अभ्यासकाला वाचण्याजोगा आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात एडवर्ड बक्ली नावाचे शल्यवैद्य होते. त्यांनी तिथल्या पक्ष्यांची चित्रे विलायतेला पाठवली. जॉन रे यांचा पक्ष्यांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जेम्स पेटिव्हर यांनी तयार केलेले या मद्रासी पक्ष्यांचे एक परिशिष्ट त्याला जोडलेले होते. त्या परिशिष्टात पक्ष्यांची स्थानिक तेलुगू नावे रोमन अक्षरांत, इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी नोंदवलेली आहेत, आणि त्यांत ‘पिट्ट’ हा शब्द येतो. ती नावे सांगणारा माणूस कोण होता, याचा उल्लेख कोठे नाही. चित्रकार असेल, पारधी असेल किंवा किल्ल्यातला एखादा नोकर असेल. शब्द त्याचा होता. नोंद दुसऱ्याची झाली.

पुढे १७६६ साली लिनीयसने नवरंगाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याला कावळ्यांच्या प्रजातीत बसवले आणि ‘आखूड शेपटीचा’ असे विशेषण जोडले. कावळ्याशी या पक्ष्याचे नाते नाही, हे पुढच्या पिढीला उमगले. लुई व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने १८१६ साली या पक्ष्यांसाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली आणि तिला ‘पिट्टा’ हे नाव दिले. कावळा गेला, विशेषण राहिले, आणि मद्रासच्या किल्ल्यातून निघालेला शब्द शतकभराने शास्त्राच्या यादीत कायमचा बसला.

मूळ तेलुगूत हा शब्द एखाद्या विशिष्ट पक्ष्याचा नाही. तेलंगणाचा राज्यपक्षी असलेल्या नीलपंखाला तेलुगूत ‘पालपिट्ट’ म्हणतात. आपण ज्याला सुतार म्हणतो त्या पक्ष्याला ‘वड्रंगी पिट्ट’ म्हणतात, आणि ‘वड्रंगी’ म्हणजेही सुतारच. गच्चीच्या कठड्याला ‘पिट्टगोड’ म्हणजे पाखरांची भिंत, तर मूळ कथेच्या ओघात मध्येच सांगितलेल्या छोट्या गोष्टीला ‘पिट्टकथा’ म्हणतात. शब्द भाषेत किती खोल रुजला आहे, हे अशा जोडशब्दांवरून कळते. कोशातील एकट्या शब्दावरून ते कळत नाही.

हा शब्द केवळ तेलुगूचाही नाही. बरो आणि एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात त्याचे सगेसोयरे एकाखाली एक मांडलेले आहेत. गोंडीत ‘पिट्टे’ म्हणजे पक्षी, आणि कोलामीत ‘पिट्टा’ म्हणजे पक्षी. गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा महाराष्ट्रात बोलल्या जातात. म्हणजे हा शब्द आपल्याच राज्यातील चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळ या भागांतील घरांत आजही वापरात आहे.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रात मी शब्दांच्या प्रवासाविषयी बोलत होतो आणि उदाहरण म्हणून या पक्ष्याचे नाव फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावर चाळिशीच्या आसपासचे एक विद्यार्थी बसले होते. ते वनखात्यात नोकरीला होते आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेची तयारी करत होते. फळ्यावरचा शब्द वाचून त्यांना हसू आले. मी कारण विचारले, तेव्हा ते उठून म्हणाले, “सर, हा तर आमच्या घरचा शब्द आहे. आम्ही कोलाम. आमच्यात कोणत्याही पाखराला पिट्टाच म्हणतात.” वर्गातले सगळे त्यांच्याकडे वळून पाहू लागले. मी त्यांना पुढे येऊन आणखी काही शब्द सांगण्याची विनंती केली. ते आले. झाड, पाणी, आग, घर या शब्दांची कोलामी रूपे त्यांनी सांगितली आणि मी ती फळ्यावर लिहून घेतली. सत्र संपल्यावर मी विचारले, “तुमच्या मुलांनाही हे सगळे येत असेल?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाही सर. आम्ही त्यांच्याशी मराठीच बोलतो. शाळेत मागे पडायला नकोत.” निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रवेशाच्या अर्जात मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी ‘मराठी’ असे लिहिले होते. कोणी तसे लिहायला सांगितले नव्हते. कोलामी असे लिहिता येते, हे त्यांच्या मनातच आले नव्हते.

त्यांचा निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मुलांनी शिकावे, नोकरीला लागावे, चारचौघांत संकोचू नये, ही इच्छा कोणत्याही आईबापांची असते. दोन भाषा एकाच घरात सुखाने नांदू शकतात आणि मुले त्या दोन्ही शिकतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा नोंदवणाऱ्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात होती. अशा अर्जांतील रकाने पाहिले की त्या आकड्यामागे काय काय दडलेले असते याची कल्पना येते.

नाव ठेवताना माणसे पक्ष्यात काय पाहतात, हा नवरंगाच्या बाबतीत आणखी एक मनोरंजक विषय आहे. मराठी आणि हिंदी भाषकांनी त्याचे रंग मोजले आणि त्याला नवरंग म्हटले. पूर्व आशियात याच प्रजातीतील फेअरी पिट्टा उन्हाळ्यात विणीसाठी येतो. तिथेही माणसांनी रंगच मोजले; मात्र ते आठ भरले. तैवान, कोरिया आणि जपान येथे त्याच्या नावाचा अर्थ ‘आठ रंगांचा पक्षी’ असा होतो. लिहिताना चिनी लिपीतली तीच तीन चिन्हे, परंतु उच्चार प्रत्येक भाषेचा निराळा. जपानी माणूस त्यांतील पहिली दोन चिन्हे आपल्या अस्सल जपानी शब्दांनी वाचतो आणि पक्ष्याला ‘याइरोचो’ म्हणतो. जपानमधील कोची प्रांताचा तो मानचिन्ह-पक्षी आहे. जपानीत ‘आठ’ हा अंक ‘पुष्कळ’ या अर्थानेही येतो. आपल्या ‘नव’ या शब्दातही नऊ आणि नवा असे दोन अर्थ आहेत. तेव्हा आठ खरे की नऊ खरे, हा वाद पक्ष्याच्या पिसांवरून सुटणारा नाही. इंद्रधनुष्यात रंग किती, या प्रश्नासारखाच तो भाषेचा प्रश्न आहे.

तमिळ भाषकांनी रंग मोजलेच नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास शीळ घालणाऱ्या या पक्ष्याला ते ‘आरुमणी कुरुवी’ म्हणजे सहा वाजताचे पाखरू म्हणतात. सिंहली भाषकांनी त्याची शीळ ऐकली आणि तिच्यावरूनच त्याला ‘अविच्चिया’ म्हटले. त्यांच्याकडे एक लोककथाही आहे. मोराने आपली सुंदर वस्त्रे पळवली म्हणून हा पक्षी तक्रार करत फिरतो, असे त्या कथेत सांगितले जाते. एकाच पक्ष्याला एका भाषेने डोळ्यांनी पाहिले, दुसरीने वेळेशी जोडले, तिसरीने कानाने ऐकले. यांतील एखादे नाव नाहीसे झाले तर पक्षी उरेल, पण त्याच्याकडे पाहण्याची एक रीत बुजेल. मारुती चितमपल्ली यांनी रानोमाळ हिंडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि पक्षिकोश सिद्ध केला, त्याचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे.

आता प्रजातीकडे येऊ. दीर्घकाळपर्यंत या कुळातील सर्व जाती, म्हणजे तिसाहून अधिक, ‘पिट्टा’ या एकाच प्रजातीत गणल्या जात. २००६ साली डीएनएच्या आधारे त्यांची तीन प्रजातींत विभागणी झाली. मूळ ‘पिट्टा’ या नावाखाली आता सुमारे वीस जाती उरल्या आहेत. त्यांपैकी दोन आफ्रिकेत राहतात. ओडिशातील भितरकनिका आणि बंगालमधील सुंदरबन येथील खारफुटीत मोठ्या चोचीचा मॅन्ग्रोव्ह पिट्टा आढळतो. पूर्व ऑस्ट्रेलियातील नॉइझी पिट्टा गोगलगाय चोचीत धरून दगडावर किंवा ओंडक्यावर आपटतो आणि तिचे कवच फोडतो. पापुआ न्यू गिनीतील मानुस या एकाच बेटावर काळ्याभोर अंगाचा सुपर्ब पिट्टा राहतो. उरलेल्या दोन प्रजातींना नवी लॅटिन नावे मिळाली. पण इंग्रजी व्यवहारात त्यांनाही पिट्टाच म्हणतात. शास्त्राने शब्द काढून घेतला, तरी वापराने तो जपला.

जाती किती, या प्रश्नावर मात्र पक्षिशास्त्रज्ञांच्या याद्यांत एकमत नाही. फिलिपाइन्सपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत लाल पोटाचा एक पिट्टा आढळतो. बेटागणिक त्याच्या रंगांत थोडाथोडा फरक पडतो. तरीही तो एकच पक्षी आणि त्याच्या पुष्कळ उपजाती, असे मानले जाई. २०१३ साली एका संशोधकगटाने त्याच्या सतरा स्वतंत्र जाती मानाव्यात असे सुचवले. काही याद्यांनी ते स्वीकारले, काहींनी अंशतः स्वीकारले. हे वाचताना भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपलाच प्रश्न आठवल्यावाचून राहत नाही. भाषा कोणाला म्हणावे आणि बोली कोणाला? कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली यांच्याविषयी आपल्याकडे झालेले वाद याच स्वरूपाचे आहेत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलो तर प्रत्येक गावी बोलणे किंचित बदलते आणि नेमकी रेघ कोठे ओढावी हे कळत नाही.

परंतु रेघ ओढण्याचे परिणाम खरे असतात. इंडोनेशियातील सियाऊ हे ज्वालामुखीचे छोटे बेट. तिथला लाल पोटाचा पिट्टा ही एका विशाल पसाऱ्यातील केवळ एक उपजात आहे असे मानले, तर ती संपली तरी ‘जात’ सुरक्षितच राहते आणि यादीत धोक्याची खूण उमटत नाही. तीच स्वतंत्र जात मानली की तिचे सारे अस्तित्व एक-दोन लहान बेटांवर अवलंबून आहे हे लक्षात येते आणि ती संकटग्रस्तांच्या यादीत जाते. पक्षी तोच, संख्या तीच. बदलले ते नाव. मातृभाषेच्या रकान्याचे काम यापेक्षा वेगळे नाही. जे मोठ्या नावाखाली मोजले जाते, त्याचे कमी होणे कोणाच्या नजरेस येत नाही.

नाव असूनही पुरत नाही, याचेही उदाहरण याच कुळात आहे. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७५ साली त्यांनी गर्नीज पिट्टा या देखण्या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. थायलंड आणि म्यानमार यांच्या दक्षिणेकडील सखल जंगलांत तो राहतो. ती जंगले रबर आणि तेलताडाच्या लागवडीसाठी तुटत गेली. १९५२ नंतर हा पक्षी कोणाला दिसला नाही. १९८६ साली तो दक्षिण थायलंडमध्ये पुन्हा सापडला आणि २००३ मध्ये म्यानमारमध्येही आढळला. तरी आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याला जमीनच उरली नाही, तर नाव त्याला किती काळ सांभाळणार? भाषेची जमीन म्हणजे ती बोलणाऱ्यांचे घर, शेत, बाजार आणि शाळा.

पक्षी आणि भाषा यांची ही तुलना मात्र एका ठिकाणी थांबते, आणि तेच ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुसंख्य पक्षी आपले गाणे ऐकून शिकतात. कॅलिफोर्नियातील पांढऱ्या डोक्याच्या चिमणीवर पीटर मार्लर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. या पक्ष्यांच्या गाण्यात प्रदेशागणिक बोली असतात आणि पिल्ले भोवतालची बोली उचलतात, असे त्यातून दिसले. पिट्टा ज्या मोठ्या गटात मोडतो, त्या गटाची रीत वेगळी आहे. त्या गटातील ईस्टर्न फीबी या अमेरिकी पक्ष्याच्या पिल्लांची श्रवणशक्ती लहानपणीच नाहीशी केली, तरी मोठेपणी ती आपल्या जातीचेच गाणे नीट गातात, असे प्रयोगांत आढळले आहे. काही अपवाद वगळता या गटातील पक्ष्यांचा आवाज जन्मजात असतो. म्हणूनच दोन बेटांवरील पिट्टांच्या शिळेत फरक आढळला, तर शास्त्रज्ञ त्याला जातिभेदाचा महत्त्वाचा पुरावा मानतात.

याचा अर्थ असा की नवरंगाचे पिल्लू आपली शीळ अंड्यातूनच घेऊन येते. जोवर नवरंग आहे तोवर त्याची शीळ आहे. माणसाचे तसे नाही. भाषा शिकण्याची शक्ती आपण जन्मतः घेऊन येतो. पण कोणतीही विशिष्ट भाषा रक्तात येत नाही. ती कानावर पडावी लागते, आणि घरातल्या मोठ्या माणसांनी ती लहानांशी बोलावी लागते. त्यामुळे माणसांच्या बाबतीत जे घडते, ते नवरंगाच्या बाबतीत घडू शकत नाही. माणसे धडधाकट असतात, वंश वाढत असतो, मुले शाळेत जात असतात, आणि तरीही भाषा एका पिढीत संपते. ती संपताना कोणताही आवाज होत नाही, कारण घर बोलतच असते, फक्त दुसऱ्या भाषेत.

तुमच्यापैकी कोणी एस.टी.त वाहक आहे, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी शेती सांभाळून रात्री या पुस्तिका वाचते. पदवीच्या अभ्यासात प्रमाण मराठी नेमकेपणाने लिहिता येणे आवश्यक आहे आणि ते तुम्ही अवश्य साधावे. पण त्यासाठी घरची बोली विसरावी लागते, असा समज करून घेऊ नये. तुमच्या आजीला अंगणातल्या पाखरांची जी नावे ठाऊक आहेत, ती एका वहीत लिहून काढा. प्रत्येक नावापुढे तो पक्षी केव्हा येतो, कोठे बसतो, कसा बोलतो आणि त्याच्याविषयी घरात काय सांगतात, हेही लिहा. शब्द जसा उच्चारला जातो तसाच लिहा, तो प्रमाणभाषेत सुधारून घेऊ नका. आणि लिहिलेले शब्द घरातल्या लहान मुलांशी बोलताना वापरा, कारण वहीतला शब्द अभ्यासकाच्या कामाला येतो, पण भाषा चालू राहते ती मुलाच्या तोंडी. यानंतर एखाद्या अर्जात मातृभाषेचा रकाना समोर आला, तर लेखणी टेकवण्यापूर्वी क्षणभर विचार करा, आणि जी तुमची असेल तिचेच नाव तिथे लिहा.